विंडोज ११, पण इंटरनेटशिवाय

प्रश्न : आमचा हिशेबाचा कॉम्प्युटर मुद्दामच इंटरनेटला जोडलेला नाही. त्यावर विंडोज १० आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी हरवल्यामुळे फॉरमॅट करून चालणार नाही. पेनड्राइव्हवरून बूट करून विंडोज ११ घालायला गेलो, तर जुनी सॉफ्टवेअर ठेवण्याचा पर्यायच दिसला नाही. काय चुकले?

उत्तर : बूट केलेत, तिथेच चुकले. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर सेटअप कोरे इन्स्टॉलेशन करतो. सॉफ्टवेअर राखायची असतील तर विंडोज १० चालू असतानाच, आतून सेटअप चालवायचा.

आधी मशीन पात्र आहे का ते बघा. विंडोज की आणि आर दाबून येणाऱ्या रनच्या चौकटीत 'tpm.msc' टाइप करा. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० हवे. टीपीएम सापडत नाही असे आले तर बरेचदा ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसते बंद असते. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल, तर पुढची खटपट करू नका.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलमध्ये) उतरवा. ती ५ जीबीहून मोठी असते आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असूनही 'फाइल टू लार्ज' येते ते यामुळेच. पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फाइल हिशेबाच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डबल क्लिक करून उघडा.

खरी मेख भाषेची. डाउनलोड करताना 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' असे दोन पर्याय येतात. तुमच्या विंडोजशी न जुळणारी आवृत्ती घेतलीत, तर आतून सेटअप चालवूनही सॉफ्टवेअर राखता येत नाहीत. म्हणून डाउनलोडच्या आधीच हिशेबाच्या कॉम्प्युटरवर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'dism /online /get-intl' चालवा. सिस्टिम यूआय लँग्वेजपुढे 'ईएन-यूएस' असेल तर पहिला पर्याय, 'ईएन-जीबी' असेल तर दुसरा.

डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. वेगळा अँटिव्हायरस असेल तर काढा, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सस्पेंड करा, प्रिंटर आणि जादा यूएसबी उपकरणे उपसून ठेवा. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी असू द्या. मग उघडलेल्या आयएसओमधली सेटअप फाइल चालवा. सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर अपडेट डाउनलोड करण्याची पद्धत बदलण्याची लिंक असते. तिथे 'नॉट राइट नाऊ' निवडा. शेवटच्या पडद्यावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' दिसले तरच इन्स्टॉल दाबा. नसेल तर सरळ खिडकी बंद करा. तोवर काहीही बदललेले नसते.

मध्येच ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा एरर येऊन विंडोज १० परत आले, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे मशीनचे भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घ्या. ग्राफिक्स आणि स्टोरेजचे नवे ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर आणून घाला आणि पुन्हा चालवा.

काम फत्ते झाले तरी लगेच डिस्क क्लीनअप करू नका. जुने विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये पडून असते आणि मागे जायची मुभा फक्त १० दिवस मिळते. तेवढ्यात एक बिल छापून बघा, एक बॅकअप घेऊन तो रिस्टोअरही करून बघा.