हृदयाच्या जंतुसंसर्गानंतर मेंदूतील धमनीला फुगा

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) ऱ्हुमॅटिक तापामुळे (घशाच्या संसर्गानंतर येणारा, झडपांना इजा करणारा ताप) गळते. झडपेला जंतुसंसर्ग झाल्याने तिला ३ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे. ताप उतरला आहे; पण डोके दुखू लागल्याने केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूतील धमनीला लहान फुगा दिसला. हे कशामुळे झाले? शस्त्रक्रिया करावी लागेल का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : झडपेवर जंतू, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) यांची भुसभुशीत गाठ तयार होते. तिचा एखादा कण सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदूकडे गेला आणि धमनीला फाटे फुटतात त्या अरुंद जागी अडकला, तर तेथील जंतू धमनीची भिंत पोखरतात व कमकुवत झालेली ती भिंत रक्ताच्या दाबाने फुगते. यालाच ॲन्युरिझम म्हणतात. (संसर्ग हृदयाच्या उजव्या बाजूला असेल, तर असे कण फुप्फुसांच्या धमन्यांत जातात.) यात तुमच्या शुश्रूषेत काही उणे राहिले असे मुळीच नाही.

न फुटलेला लहान फुगा पुष्कळदा अँटिबायोटिकनेच आकसतो, म्हणून ४ ते ६ आठवड्यांचा उपचार एकही दिवस न चुकवता पूर्ण करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मात्र उपचार चालू असताना, क्वचित तो संपल्यावरही, फुगा वाढू शकतो. त्यामुळे ठरावीक अंतराने अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) करून त्याचा आकार पाहावाच लागतो. तो वाढला किंवा फुटला, तर जांघेतून नळी घालून तो आतून बंद करतात अथवा शस्त्रक्रिया करतात. झडपेचे ऑपरेशन ठरत असल्यास आधी काय करायचे, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांनी एकत्र बसून ठरवावे, असा आग्रह धरा. रक्त पातळ करणारे औषध, ॲस्पिरिनसुद्धा, त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, फिट (आकडी), एका बाजूचा अशक्तपणा किंवा गुंगी आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पुढे कधीही विनाकारण ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला सांगा. आधीच गोळ्या सुरू झाल्या, तर जंतू सापडणे कठीण होते. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिले जाणारे दर ३ आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चालूच ठेवा, पण दात काढताना तेवढे संरक्षण पुरत नाही. एकदा असा संसर्ग झालेल्या मुलांना त्या वेळी वेगळा डोस आधी द्यावा लागतो, हे दंतवैद्यांना आठवणीने सांगा.