"मॅडम, मला काही सुचतच नाही"

इलस्ट्रेशन शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते आलं की मी पेन खाली ठेवते आणि नीट ऐकते, कारण प्रत्येकाच्या "सुचत नाही" मागे काहीतरी वेगळं असतं. आज एका मुलीबद्दल लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदललेत आणि तिची परवानगी घेतलीय.

तिसऱ्या वर्षाला होती. आली तीच बॅग मांडीवर घेऊन बसली, दोन्ही पट्टे मुठीत घट्ट. म्हणाली, वर्गात सगळ्यांना भराभर आयडिया येतात, मला येत नाहीत, मी चुकीच्या फील्डमध्ये आलेय बहुतेक. मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले, झोप कशी आहे, भूक कशी आहे, चित्र सोडून बाकी कशात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. हे मी कधीच गाळत नाही. दोन आठवडे किंवा जास्त दिवस कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय, स्वतःबद्दल सतत वाईट वाटतंय, असं असेल तर तो फक्त न सुचण्याचा प्रश्न नसतो, तिथे डॉक्टरांना दाखवावंच लागतं. हिचं तसं नव्हतं. मैत्रिणींमध्ये हसायची, वाचायची, जेवायची. अडत होतं ते कागदापाशीच.

आणि इथे माझी चूक झाली. मी म्हणाले, दोन दिवस चित्राला हातच लावू नकोस, डोकं शांत होऊ दे. पुढच्या वेळी आली ती जास्तच खचून, कारण दोन दिवस गेले, डेडलाईन दोन दिवसांनी जवळ आली आणि सुचलं तर काहीच नाही. ब्रेकने फायदा होतो हे खरंय, ग्रॅहम वॉलस नावाच्या माणसाने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय की आधी तयारी, मग ते डोक्यात मुरणं, मग एकदम सुचणं आणि मग ते तपासून बघणं. पण मुरायला आधी आत काहीतरी घालायला लागतं ना. तिने काहीच घातलं नव्हतं आणि ते मी विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. असाइनमेंट हातात आल्यापासून तू नेमकं काय काय करतेस, अगदी मिनिटामिनिटाने सांग. असाइनमेंट होती एका म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीसाठी चित्र काढायची, हळूहळू सगळं विसरत चाललेला माणूस. तर ती ब्रीफ, म्हणजे काय काढायचं ते सांगणारा मजकूर, वाचते, लगेच फोन उघडते, "विसरणं" वर लोकांनी काय काय काढलंय ते शोधते, सेव्ह करत जाते, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असे तीन-साडेतीन तास जातात आणि मग कागद समोर घेते तेव्हा डोक्यात फक्त धुक्यात विरघळणारे चेहरे आणि डोक्यातून उडून जाणारे पक्षी, म्हणजे जे सगळे काढतात तेच, मग वाटतं हे तर होऊन गेलंय, आणि कागद बंद. मी म्हटलं, यात पेन्सिल हातात कधी आली? ती गप्प झाली, मग म्हणाली, चौथ्या तासाला.

मला वाटतं बहुतेक मुलांची गाडी इथेच अडकते. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या दोघांनी डिझाईन करणाऱ्यांवर प्रयोग केले होते. काहींना आधी एक नमुना दाखवला, काहींना नाही. ज्यांनी नमुना पाहिला त्यांच्या डिझाईनमध्ये त्या नमुन्यातल्या गोष्टी येत राहिल्या, अगदी त्यातल्या चुकासुद्धा, आणि एका प्रयोगात तर अमुक गोष्ट वापरू नका असं स्पष्ट सांगूनही ती आलीच. म्हणजे दुसऱ्याचं तयार चित्र आधी पाहिलं की डोकं तिथेच घुटमळतं, यात तुमच्या टॅलेंटचा काही दोष नाही. रेफरन्स, म्हणजे बघून काढायला समोर ठेवलेलं चित्र किंवा फोटो, वाईट नसतोच. कोपर कसं वळतं, बगळ्याचा पाय कसा असतो हे बघायला रेफरन्स हवाच. पण काय काढू हे विचारायला रेफरन्सकडे गेलं की उत्तर दुसऱ्याचं मिळतं.

तर ठरलं असं की पहिला पाऊण तास फोन दुसऱ्या खोलीत, गोष्ट दोनदा वाचायची, जे शब्द अडकतात ते लिहायचे आणि काडेपेटीएवढे बारा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढायचे. पहिल्या चार-पाचांत पक्षी आणि धुकं येणारच, येऊ देत, ते बाहेर पडल्याशिवाय मागचं पुढे येत नाही. मग उठून चालून यायचं. चालण्याचं मी मनाने सांगत नाही, २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांच्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त कल्पना सुचल्या होत्या, मात्र एकच बरोबर उत्तर शोधायच्या कोड्यात तसा फायदा दिसला नाही. थंबनेलला एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून इथे चालणं कामाचं.

पुढच्या वेळी आली ती रडवेली. बारा काढले, बाराही घाण आहेत म्हणाली. दाखव म्हटलं तर दाखवेना. बराच वेळ गेला आणि मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या वर्षी सगळ्या वर्गासमोर एका शिक्षकांनी तिच्या चित्राला म्हटलं होतं, हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय. एकच वाक्य. तेव्हापासून प्रत्येक रेषेच्या आधी ते वाक्य येत होतं. थेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९७९ च्या अभ्यासात विद्यार्थिनींना कोलाज करायला दिलं होतं, आणि ज्यांना आधी सांगितलं की हे आर्टिस्ट लोक तपासणार आहेत त्यांचे कोलाज एकंदरीत कमी कल्पक ठरले. हिच्या डोक्यात तर तपासणारा कायमचा मुक्कामाला होता.

म्हणून मग एक वेगळी वही ठरली. ही कुणीच बघायची नाही, वर्ग नाही, घरचे नाहीत, मीसुद्धा नाही. रोज एक पान, आणि त्यात फक्त डोळ्यांसमोरचं, वाट बघणारी माणसं, म्हणजे रांगेत, बसस्टॉपवर, कुठेही. तिने विचारलं, आवडत्या आर्टिस्टची कॉपी केली तर चालेल का, ते चीटिंग नाही ना? मी म्हटलं, शिकायला कर की, फक्त स्वतःचं म्हणून दाखवू नकोस. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये दवाखान्यात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली, काळ्या-पांढऱ्या प्रिंट्स समोर ठेवून स्वतःच्या रंगात. आणि होकुसाई या जपानी चित्रकाराच्या स्केचेसचे जे पंधरा भाग १८१४ पासून निघत गेले त्यात साधी माणसं, प्राणी, झाडं, चेहरे असंच सगळं भरलंय, ते तिला फार आवडलं.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, मॅडम मला फक्त हातच दिसतायत. माणसं वाट बघताना हातांचं काय करतात ते. एक आजोबा होते, त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग परत पहिला, मग हात तिथेच थांबला, काय शोधतोय हेच विसरल्यासारखा.

तिच्या असाइनमेंटचं चित्र तेच झालं. रिकाम्या खिशावर थांबलेला हात, चेहरा नाहीच. तिने मला ते मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी थोडा वेळ काही बोलूच शकले नाही. ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्यांत, एकाला आवडलं, एकजण म्हणाले कॉम्पोझिशन, म्हणजे चित्राची मांडणी, कमजोर आहे, आणि ती दोन दिवस नाराज होती, पण त्या दोन दिवसांतही वहीचं पान भरलं होतं.

परवा फोन आला होता तिचा. अजूनही टेन्शन आलं की हात आधी मोबाईलकडेच जातो म्हणाली. मग काय करतेस, मी विचारलं. म्हणाली, उघडते, पाचदहा मिनिटं बघते, मग लक्षात येतं की पेन्सिल अजून हातात घेतलीच नाहीये.