आधी थांबव, मग आवर

काल टच-अँड-गोच्या (टेकून, न थांबता लगेच पुन्हा उडायच्या) सहाव्या सर्किटनंतर हेडसेट काढून तू म्हणालास, "सर, चाकं टेकली की काही सुचेनासं होतं. हात आधी कुठे न्यायचा?" ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

हात कुठेच न्यायचा नाही. आधी थांबव, मग आवर.

आपल्या दोन इंजिनांच्या सेनेका दोनमध्ये फ्लॅपचा (लँडिंगला खाली सोडायच्या, पंखांमागच्या पट्ट्यांचा) दांडा आणि ट्रिमचं (नाकाचा कल साधायचं) चाक दोन्ही सीटांच्या मधे, खाली आहेत. टेकल्यावर तू दांड्यासाठी वाकलास, ट्रिमची खूण शोधलीस, आणि तेवढ्यात नाक सेंटरलाइनच्या डावीकडे सरकलं. मान वर करून दोन्ही थ्रॉटल एकदम पुढे ढकललेस. टर्बो इंजिनं ती, दोन्ही एका दमात उचलतीलच असं नाही. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ४० इंचांवर जाऊ द्यायचं नाही, म्हणून डोळे पुन्हा आत. वेग अजून ६६ नॉट्सच्या लाल रेषेखाली. तिथे एक इंजिन गेलं तर विमान सरळ ठेवायला शेपटीवरचं रडर पुरत नाही, दोन्ही थ्रॉटल मागे ओढायचे, बस्स. एवढं सगळं धावत्या विमानात कशासाठी करायचं? चार मिनिटं वाचवायला?

मी तरुण इन्स्ट्रक्टर असताना आमच्याकडे जुनं बॅरन होतं, तेही दोन इंजिनांचं. त्यात गिअर (चाकं आत-बाहेर करायचा) आणि फ्लॅपचे स्विच इतर विमानांच्या उलट जागी. अपघात तपासणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने १९८० साली अशा विमानांत चुकून गिअर उचलला गेल्याच्या अपघातांवर खास अहवाल काढला होता. तो मी वाचला फार उशिरा. उड्डाणाचे तास भरायचे होते, घाई माझीच होती. "फ्लॅप्स अप" म्हणालो आणि टॉवरला उत्तर द्यायला लागलो. शिकणाऱ्या मुलाने गिअरचा स्विच उचलला. जमिनीवर गिअर उचलला जाऊ नये म्हणून स्ट्रटवर (चाकाच्या, भाराने दबणाऱ्या पायावर) सेफ्टी स्विच असतो, पण पंख अजून भार पेलत होते, स्ट्रट दबलाच नव्हता. प्रोपेलरची पाती डांबरावर आपटत वाकली, तो आवाज अजून कानात आहे. कुणाला लागलं नाही. कागदावर चूक त्या मुलाची लागली आणि मी ती लागू दिली. त्याने उडणं सोडलं.

सेनेकात गिअर आणि फ्लॅप लांब लांब आहेत, असं मला सांगू नकोस. उद्या विमान बदलेल, हात तोच राहील.

तेव्हापासून ट्विनवर, दोन इंजिनांच्या विमानावर, मी फुल स्टॉपच घेतो, टच-अँड-गो नाही. सहकारी म्हणतात, तासाला लँडिंग कमी होतात, पेट्रोल टॅक्सीत, जमिनीवरून परत येण्यात, जळतं. जळू दे. परत येताना तू मघाच्या लँडिंगबद्दल बोलतोस, तेवढ्यात तू जे शिकतोस ते घाईच्या दहा लँडिंगमध्ये शिकणार नाहीस. मी हट्टी आहे म्हणतात. आहेच.

गो-अराउंडची, लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याची, गोष्ट वेगळी. तिथे आधी पॉवर, बाकीचं मागून. ते आपण वर, हवेत घोटू.

उद्या साडेसहाला ये, वारा पडलेला असतो. धावपट्टी सोड, पूर्ण थांब, मग दांड्याकडे बघ, "फ्लॅप" असं मोठ्याने म्हण आणि हात लाव. त्याआधी हात खाली गेला तर मी मनगट धरेन. राग मानू नकोस.