चाळीस मुलं, एक दुर्बीण

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या ४० मुलांसाठी आकाशदर्शन ठेवतोय. सहा इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण एकच आहे. मागच्या वेळी मुद्दाम अमावास्या धरली, तरी निम्म्या मुलांना काही दिसलंच नाही. असं का झालं?

उत्तर : अमावास्या सरावलेल्या डोळ्यांसाठी. नवख्या मुलाला तेजोमेघ (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) म्हणजे राखाडी डाग, तोही दिसला तर. शुक्ल सप्तमी-अष्टमी धरा. चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सावल्या नसल्यामुळे तो सपाट दिसतो.

खरी गडबड बहुधा आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची असते. दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिमी असेल, तर २५ मिमी आयपीसने ४८ पट वर्धन मिळतं आणि साधारण एक अंश आकाश दिसतं. पृथ्वी फिरत असल्यामुळे मधोमध आणलेला चंद्र कडेला सरकतो, त्याला दोनेक मिनिटं लागतात. १० मिमी लावलात की अख्खा चंद्र मावत नाही, आणि पाऊण-एक मिनिटात मधली जागा कडेबाहेर जाते. तिसऱ्या मुलाला दिसतं ते भलतंच! म्हणून २५ मिमीच ठेवा आणि दर दोन मुलांमागे स्वतः डोळा लावून चंद्र मधोमध घ्या. आरसा गार व्हायला दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर काढा.

मुलं आधाराला आयपीसच पकडतात, म्हणून शेजारी पाठीची खुर्ची ठेवा. ‘दिसलं का?’ विचारू नका. सगळी ‘हो’ म्हणतात. ‘चंद्राची अंधारी बाजू कुठे, बोटाने दाखव,’ म्हणा. दुर्बिणीत प्रतिमा फिरलेली असते. नुसत्या डोळ्यांना दिसते तीच बाजू दाखवली, तर त्या मुलाने पाहिलेलं नाही.

४० मुलं म्हणजे एका वस्तूला पाऊण तास. रात्रीत दोनच वस्तू ठरवा. रांगेतल्यांना तोवर दुसऱ्या कुणीतरी आकाशातली अंतरं मोजायला लावावं : हात ताठ धरून मूठ म्हणजे सुमारे १० अंश. मुलाची मूठ लहान तसा हातही आखूड, त्यामुळे हिशेब जमतो.

प्रश्न : टॉर्चला लाल जिलेटीन लावलं, तरी डोळे दिपतात.

उत्तर : एका थरातून पांढरा उजेड झिरपतो, तीन-चार थर लावा आणि टॉर्च मंद ठेवा. मात्र एकाने मोबाइल उघडला, की अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची वीस मिनिटं गेलीच. मोबाइल दारातच गोळा करा.