श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदू शकतात का?

नांदतात की! बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, पाद्र्याची पांढरी कॉलर लावूनच भौतिकशास्त्र शिकवायचे. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडलं. तेव्हा आइन्स्टाइनलाही ते पटलं नव्हतं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना विश्वाला कधीतरी सुरुवात झाली असं सांगणाऱ्या नव्या विश्वशास्त्रात देवाने केलेल्या सृष्टीनिर्मितीची खूण दिसली, तर खूश व्हायचं सोडून लमेत्र अस्वस्थ झाले. देवाला समीकरणात ओढू नये, असं त्यांचं मत. खरी मेख तिथेच आहे.

माझी आई ग्रहणात पाण्यावर तुळशीपत्र ठेवते, ग्रहणाची वेळ मात्र गणिताने काढलेल्या पंचांगातच बघते. तिचं काही अडत नाही. भांडण लागतं ते तुळशीपत्राने ग्रहणातले किरण अडतात, असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सिद्ध’ करायला घेतलं की.