विम्याची माहिती वापरून इंग्रजी आकडे आणि तुलना बोलायचा सराव होईल का?

हो, चांगला होईल, कारण विम्यात वर्षं, मोठ्या रकमा, टक्के आणि तुलना एकाच ठिकाणी सापडतात. ज्या आगीनंतर लंडनमध्ये घरांचा विमा सुरू झाला ती १६६६ ची: ‘सिक्स्टीन सिक्स्टी-सिक्स’. जळालेली घरं सुमारे १३,२००: ‘थर्टीन थाउजंड टू हंड्रेड’. इथे ‘थाउजंड्स’ म्हणायचं नाही; शिकवताना सगळ्यात जास्त दुरुस्ती मला हीच करावी लागते. तुलनेला आयुर्विम्याचा हप्ता घ्या: ‘द ओल्डर यू आर, द हायर द प्रीमियम’. हप्ता २०० चा ४०० झाला, तर तो ‘ट्वाइस ॲज हाय’, पण वाढ ‘हंड्रेड पर्सेंट’च (भले भले फसतात). मात्र नुसतं वाचून भागणार नाही. समोर अंकच ठेवा आणि पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणा.