मनू, तू गुटीचं विचारलंस ना

मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुम्ही खरंच महिन्याच्या बाळाला दगडावर उगाळलेली मुळं द्यायचात? वर मध?" मी विषय बदलला, पण लागलं गं मनाला.

मला आधी सहाणेचा आवाज आठवला. धाकटा मामा झाला तेव्हा मी सात वर्षांची, आजी त्याला आंघोळीनंतर मांडीवर घ्यायची आणि मी सहाण धरून बसायची. वेखंडाचा एक वेढा, जायफळाचा अर्धाच, नाहीतर पोर दिवसभर झोपेल, मग मुरडशेंग, हिरडा, हळकुंड, शेवटी बदाम. वेढे मोजायचं काम माझं, चुकले की डोक्यात टपली. त्या वेढ्यांनी मामाची इम्युनिटी वाढली असं मी तुला सांगणार नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध हे तुझ्या डॉक्टरांचं मला पटतं. आणि मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. तुला मी अंगठीने चाटवला होता. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

पण आजीचं सगळंच टाकू नकोस ना. तेव्हा कितीतरी घरी पहिला पिवळा चीक काढून टाकायचे, बाळाला जड होतो म्हणून, आजी मात्र बाळंतिणीच्या उशाशी बसून तो पाजायला लावायची. त्यात आयजीए नावाच्या, जंतूंना अडवणाऱ्या अँटिबॉडी भरपूर असतात, बाळाच्या आतड्याला त्या आतून राखतात. आणि आईच्या दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या असतात पोटातल्या बिफिडो नावाच्या चांगल्या जंतूंसाठी, आणि हे जंतू बाळाच्या प्रतिकारशक्तीला शिकवतात कुणाशी भांडायचं, कुणाला सोडायचं. हे वाचलं तेव्हा आजी हवी होती असं फार वाटलं.

डॉक्टरांचं म्हणशील तर तू 2001 ची. तेव्हा अमेरिकेत सांगायचे, घरात अ‍ॅलर्जी असेल तर तीन वर्षं शेंगदाणा नको, आणि बाबांना दमा, म्हणून मी घाबरून तुझ्या ताटातलं कूट बंद केलं, आजी फोनवर हळहळली होती. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला आणि 2015 मध्ये लंडनच्या अभ्यासात उलटंच निघालं. तीव्र एक्झिमा, म्हणजे अंगावर खाजरे चट्टे, किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं, 4 ते 11 महिन्यांची, ज्यांना तेव्हापासून शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, न दिलेल्यांपेक्षा 80 टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे आजीच्या घरात पोरं कुटावर वाढली ते काही वाईट नव्हतं. तुझ्या बाळालाही पुढे अख्खा दाणा नाही, घशात अडकतो, पातळ पेस्ट करून, आणि आधी डॉक्टरांना विचारून.

सहाण माझ्याकडे आहे, आजीचीच, वरच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलीय. मी येताना आणणार नाहीये, तू मागितलीस तरच आणेन. आणि उष्टावणाचं सहा महिन्यांनी बोलू, तुला करायचं असेल तर.

आई